सतरा कोरडे दिवस: एमी वाइनहाउसचं प्रकरण

२३ जुलै २०११ च्या दुपारी लंडनमधल्या कॅम्डन स्क्वेअरच्या घरात ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउस मृतावस्थेत सापडली. वय २७. खोलीत वोडकाच्या तीन रिकाम्या बाटल्या होत्या, दोन मोठ्या आणि एक लहान. ऑक्टोबरमध्ये मृत्यूची न्यायिक चौकशी झाली, तेव्हा रक्ततपासणीचा आकडा सांगितला गेला: दर १०० मिलिलिटर रक्तात ४१६ मिलिग्रॅम अल्कोहोल. हेरॉइन, कोकेन, कसलाही बेकायदा अमली पदार्थ शरीरात नव्हता. सगळं जग ‘ड्रग्जनं गेली’ असं धरून चाललं होतं. ती गेली ती साध्या, परवाना असलेल्या दुकानात मिळणाऱ्या दारूनं.

हा आकडा आधी नीट समजून घेऊ. ब्रिटनमध्ये तेव्हा गाडी चालवण्याची मर्यादा ८० मिलिग्रॅम होती, आपल्याकडे मोटार वाहन कायद्यानुसार ३० आहे. म्हणजे आपल्या मर्यादेच्या जवळजवळ चौदापट. चौकशीतच सांगितलं गेलं की ३५० च्या आसपासची पातळी जीवघेणी मानली जाते. पेगच्या भाषेत सांगायचं तर ५० किलो वजनाच्या स्त्रीचं उदाहरण घ्या (हे वजन हिशोबापुरतं). तिच्या शरीरात अल्कोहोल पसरायला साधारण २७ लिटर पाणी असतं. रक्तात ४१६ भरायला सुमारे ११५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल एकाच वेळी शरीरात असावं लागतं. आपल्याकडच्या ४२.८ टक्के वोडकाच्या ३० मिलीच्या पेगमध्ये दहा ग्रॅम असतं. म्हणजे साडेअकरा पेग, जवळजवळ दोन क्वार्टर. आणि हे फक्त शिल्लक. यकृत तासाला दर १०० मिलिलिटर रक्तामागे १५ ते २० मिलिग्रॅम जाळतं, तेव्हा सहा तास पिणं चाललं असेल तर आणखी तीन पेग त्यात धरावे लागतात.

रोज पिणाऱ्या माणसांमध्ये असे आकडे दवाखान्यात दिसतात, आणि त्यातले काही जण बोलत, चालत आलेले असतात. मग एमीच्या बाबतीत तोच आकडा प्राणघातक का ठरला? उत्तर तारखांमध्ये आहे. तिच्या डॉक्टरांनी चौकशीत सांगितलं की ३ जुलैपासून ती प्यायली नव्हती आणि २० जुलैच्या सुमारास पुन्हा सुरू झाली. सतरा दिवस. या सतरा दिवसांवर आम्ही पुढे सविस्तर येणार आहोत, कारण सगळं प्रकरण तिथं येऊन ठेपतं. पण तिथपर्यंतची वाट आधी बघायला हवी.

आवाज कुठून आला

जन्म १४ सप्टेंबर १९८३, उत्तर लंडन, ज्यू कुटुंब. वडील मिच पुढे टॅक्सी चालवायचे आणि घरात फ्रँक सिनात्राची गाणी गायचे. आई जॅनिस औषधशास्त्र शिकलेली. आईच्या बाजूला जॅझ वाजवणारे मामा, वडिलांच्या बाजूला आजी सिंथिया, जिचं नाव एमीनं दंडावर गोंदवून घेतलं होतं. ती नऊ वर्षांची असताना आईवडील वेगळे झाले. तेराच्या आसपास गिटार, चौदाव्या वर्षी स्वतःची गाणी. २००० मध्ये नॅशनल यूथ जॅझ ऑर्केस्ट्राबरोबर गायन. मित्र टायलर जेम्सनं तिची डेमो टेप पुढे पोचवली, आयलंड रेकॉर्ड्सनं करार केला आणि ऑक्टोबर २००३ मध्ये पहिला अल्बम ‘फ्रँक’ आला. तेव्हा ती वीस वर्षांची होती.

तिचा आवाज खर्जाकडे झुकलेला होता, पण तिची खरी कमाई लयीत होती. शब्द ती ठोक्यावर ठेवत नसे. किंचित मागे रेंगाळायची, ओळ हातातून निसटतेय असं वाटायला लावायची आणि नेमकी वेळेवर परत यायची. आपल्याकडे ठुमरी ऐकणाऱ्याला हे चटकन उमगेल: समेवर येणार याची खात्री असलेलं माणूसच असं उशिरा येऊ शकतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. दारूनं पहिली हीच घेतली.

किशोरवयातच आणखी एक आजार लागला होता, बुलिमिया. भरपूर खायचं आणि मग घशात बोट घालून ओकून टाकायचं. तिच्या भावानं नंतर जाहीरपणे सांगितलं की या आजारानं तिला आतून पोखरलं होतं, आणि तो नसता तर ती टिकली असती. वैद्यकीय दृष्टीनं हे बोलणं बिनबुडाचं नाही. वारंवार उलट्या करणाऱ्याच्या रक्तातलं पोटॅशियम घसरतं, हृदयाची लय बिघडू शकते. पोटात अन्न नसेल तर दारू भराभर रक्तात चढते. यकृतातला साखरेचा साठा संपलेला असला की दारूच्या अमलाखाली रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. व्यसनाची केस घेताना ‘जेवता का?’ हा प्रश्न सगळे विचारतात. ‘जेवल्यावर किती वेळ बाथरूममध्ये असता?’ हे फार थोडे जण विचारतात. तरुण मुलींच्या बाबतीत ते विचारलंच पाहिजे.

२००५: उघडी राहिलेली खिडकी

कॅम्डनच्या एका पबमध्ये २००५ मध्ये तिला ब्लेक फिल्डर-सिव्हिल भेटला. प्रेम दोघांचंही आणि वेडं, पण त्याचं आधीचं नातं संपलेलं नव्हतं. काही महिन्यांनी तो तिला सोडून जुन्या मैत्रिणीकडे परतला. एमीचं पिणं वाढलं, वजन झपाट्यानं उतरलं.

तेव्हाचा तिचा व्यवस्थापक निक शायमान्स्की, तिच्याहून थोडाच मोठा, तिला उपचारकेंद्रात न्यायला धडपडला. वडील म्हणाले तर जाईन, अशी तिची अट होती. वडिलांना त्या वेळी गरज वाटली नाही. ती केंद्रात गेली ती जेमतेम चौकशीपुरती, आणि परत आली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये चालता चालता तिनं हा किस्सा संगीतनिर्माता मार्क रॉन्सनला सांगितला. त्यातून ‘रिहॅब’ हे गाणं झालं आणि जगभर वाजलं.

वडिलांवर यावरून फार टीका झाली. आम्हाला ती अर्धवट वाटते. २००५ ची एमी बाहेरून बघणाऱ्याला प्रेमभंगानं प्यायला लागलेली बावीस वर्षांची मुलगी होती. अशा मुलीला व्यसनी म्हणायला आपल्याकडचे बापही तयार होत नाहीत. पण व्यवहाराचा भाग बघा. त्या वर्षी तिच्यापुढे कसलाही मोठा दौरा नव्हता, दुसरा अल्बम लिहूनही झाला नव्हता, छायाचित्रकार दाराशी बसत नव्हते. तीन महिने गायब झाली असती तर कुणाचं काही अडलं नसतं. उपचाराला लागणारा निवांतपणा तिच्या आयुष्यात तेवढाच एकदा होता. त्यानंतर प्रत्येक वेळी कॅलेंडर आड आलं. शायमान्स्की २००६ मध्ये बाजूला झाला आणि तिचा कारभार मुळात कार्यक्रम भरवण्याच्या व्यवसायातल्या माणसाकडे गेला.

प्रेमभंगाचं भांडवल

‘बॅक टू ब्लॅक’ हा अल्बम २७ ऑक्टोबर २००६ ला आला. ११ गाणी, पस्तीस मिनिटांच्या आसपास. पाचांचा निर्माता सलाम रेमी, सहांचा रॉन्सन. रॉन्सननं शीर्षकगीताचे पियानोचे सूर रात्रीतून तयार केले, दुसऱ्या दिवशी तिला ऐकवले, आणि ती ते घेऊन आतल्या खोलीत गेली, तासाभरात शब्द घेऊन बाहेर आली. ब्रुकलिनच्या डॅपटोन स्टुडिओत डॅप-किंग्ज या बँडनं जुन्या पद्धतीनं, एकत्र बसून, टेपवर साथ वाजवली. म्हणून ते ढोल आणि ब्रास १९६० च्या दशकातले वाटतात. त्यावर अगदी आजच्या, रोखठोक बोलीतलं दुःख.

हे दुःख ब्लेक सोडून गेल्याचं होतं. आणि इथं प्रसिद्धीचा एक यांत्रिक भाग सुरू होतो, ज्याकडे चरित्रकार भावनेच्या भरात दुर्लक्ष करतात. एखादीनं प्रेमभंगावर गाणं लिहिलं तर तिला मोकळं वाटतं, हे खरं. पण ते गाणं गाजलं तर तिला ते पुढची दोन-तीन वर्षं रोज रात्री म्हणावं लागतं. जखम भरायला विसरणं लागतं, आणि तिच्या पोटापाण्याची अट होती न विसरण्याची. समुपदेशनात आपण सांगतो, ट्रिगर टाळा: तो पब, ते मित्र, ती गल्ली. तिचा ट्रिगर हाच तिचा कार्यक्रम होता.

अल्बम चढत असतानाच ब्लेक परत आला. १८ मे २००७ ला मायामीत लग्न झालं. हेरॉइन आणि क्रॅक कोकेन तिच्या आयुष्यात या काळात आलं. आपल्यामुळे ती त्यात ओढली गेली, हे ब्लेकनं नंतर मुलाखतींत स्वतः मान्य केलं. ऑगस्टमध्ये हेरॉइन, कोकेन, केटामिन, एक्स्टसी आणि दारू यांच्या मिश्रणानं ती रुग्णालयात पोचली. नोव्हेंबरमध्ये ब्लेकला अटक झाली. मारहाण आणि न्यायप्रक्रियेत ढवळाढवळ या प्रकरणी पुढे जुलै २००८ मध्ये त्याला २७ महिन्यांची शिक्षा लागली. अटकेनंतरच्या आठवड्यात बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमात लोकांनी तिची हुर्यो उडवली, आणि महिनाअखेरीस उरलेला दौरा रद्द झाला.

अशा जोडप्यांच्या बाबतीत ‘त्यानं तिला बिघडवलं’ हे वाक्य अपुरं पडतं. दोघं एकत्र नशा करतात तेव्हा नशा हीच त्यांची जवळीक होऊन बसते. एकानं सोडायचं ठरवलं की दुसऱ्याला तो नात्याचा विश्वासघात वाटतो. म्हणून अशा दोघांना एकाच केंद्रात एकाच वेळी ठेवू नये, आणि सुरुवातीचे काही आठवडे फोनही बंद ठेवावा, हा साधा नियम आहे. ऑगस्ट २००७ च्या त्या प्रसंगानंतर ही दोघं केंद्रात गेली ती एकत्रच. काही दिवसांतच बाहेर पडली.

१० फेब्रुवारी २००८ ला तिला पाच ग्रॅमी मिळाल्या. अमेरिकेचा व्हिसा आधी नाकारला गेला, मंजूर झाला तेव्हा उशीर झाला होता. लंडनच्या रिव्हरसाइड स्टुडिओतून उपग्रहामार्फत ती गायली, पहाटेच्या वेळी. ज्येष्ठ अमेरिकन गायक टोनी बेनेटनं तिचं नाव पुकारल्यावर ती क्षणभर नुसती बघत राहते, मग आई मिठी मारते. त्या वेळी ती नुकतीच उपचार घेऊन आलेली होती आणि शुद्धीत होती. ते चित्रण पाहिलं की कळतं, शुद्धीतली एमी किती काटेकोर गात होती.

एक सुटलं, दुसरं राहिलं

२००८ च्या अखेरीपासून तिनं हेरॉइन आणि क्रॅक सोडलं. ती सेंट लुसियाच्या बेटावर जाऊन राहिली. २००९ मध्ये घटस्फोट झाला. घरच्यांना सुटल्यासारखं वाटलं असणार. तसं वाटणं स्वाभाविकच, कारण सगळ्यात भयंकर दिसणारी गोष्ट गेली होती. पण दारू राहिली, आणि रिकामी झालेली जागा तिनं भरून काढली. आपल्या केंद्रांमध्येही हे रोज दिसतं: ब्राउन शुगर (भेसळीचं हेरॉइन) सुटलेल्या मुलाच्या हातात घरचेच बिअर देतात, ‘निदान ते तरी नाही ना’ म्हणून.

याच काळात तिचं पिणं एका साच्यात बसलं. आठवडे-दोन आठवडे पूर्ण कोरडं, मग तीन-चार दिवस बेफाम, मग डॉक्टर, मग पुन्हा कोरडं. मार्च २०११ मध्ये ॲबे रोड स्टुडिओत टोनी बेनेटबरोबर तिनं एक जुनं युगुलगीत ध्वनिमुद्रित केलं. ती घाबरलेली होती, पण प्यायलेली नव्हती. मेच्या अखेरीस उपचारकेंद्रात आठवडाभर, आणि जूनमध्ये युरोपचा दौरा.

आठवडाभरात काय होतं आणि काय होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. दारू एकदम बंद केली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. बारा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो, माणसं-किडे दिसतात, ताप चढतो, आणि त्यावर उपचार झाला नाही तर माणूस दगावतो. हे टाळण्यासाठी क्लोरडायझेपॉक्साइड, म्हणजे लिब्रियम, देतात. मात्रा रोज उतरवत पाच ते सात दिवसांत बंद करतात. सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, आणि ते सलाइनमधल्या ग्लुकोजच्या आधी. एवढं केलं की शरीर सुरक्षित होतं. याला डिटॉक्स म्हणतात. उपचार त्यानंतर सुरू होतो, महिन्यांच्या हिशोबानं. एमीच्या वाट्याला डिटॉक्स अनेकदा आला. मानसोपचाराला तिनं ठाम नकार दिला होता, हेही डॉक्टरांनी चौकशीत नोंदवलं.

१८ जून, बेलग्रेड, कालेमेगदानचा किल्ला. समोर सुमारे वीस हजार माणसं. ती उशिरा आली, स्वतःला मिठी मारल्यासारखे हात गुंडाळून उभी राहिली, शब्द पुटपुटत राहिली. साथीदार तेच सूर पुन्हा पुन्हा फिरवत होते, ती कुठूनतरी ओळ पकडेल म्हणून. जी मुलगी ठोक्याच्या मागे रेंगाळून नेमकी परत यायची, तिला परतायची जागाच सापडत नव्हती. लोकांनी हुर्यो केली. आधी इस्तंबूल आणि अथेन्सचे, मग सगळेच कार्यक्रम रद्द झाले.

३ ते २३ जुलै

आता ते सतरा दिवस.

सतत पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीविरुद्ध स्वतःला चढवून ठेवतो. शांत करणाऱ्या यंत्रणेला तो बोथट करतो, उत्तेजित करणाऱ्या यंत्रणेला तीव्र. यकृतही जाळण्याचा वेग वाढवतं. म्हणून तो दोन क्वार्टर पिऊन सरळ चालतो. पिणं थांबलं की ही जुळवाजुळव उतरते, आणि दोन-तीन आठवड्यांत बरीच उतरलेली असते. उतरत नाही ती सवय. हाताला, घोटाला, ‘माझं प्रमाण’ या समजुतीला जुनाच आकडा पाठ असतो. माणूस परततो तो जुन्या प्रमाणावर, आणि ते पेलणारा मेंदू आता तिथं नसतो. मेंदूच्या देठातलं श्वासाचं केंद्र मंदावतं, मग थांबतं. शवचिकित्सकानं चौकशीत हेच सांगितलं, की एवढ्या अल्कोहोलनं श्वास थांबू शकतो.

आणखी एक फसवी गोष्ट आहे. दारू शोषली जायला वेळ लागतो. शेवटचा घोट घेतल्यावरही अर्धा ते दीड तास रक्तातली पातळी चढतच असते. माणूस ‘आता झोपला, सुटलो’ असं वाटतं तेव्हा तो वर चढत असतो.

२० जुलैला ती कॅम्डनच्या राउंडहाउसमध्ये आपल्या मानलेल्या मुलीच्या, डायोन ब्रॉमफील्डच्या, कार्यक्रमात थोडा वेळ मंचावर आली. तिला लोकांनी पाहिलं ते शेवटचं. त्याच सुमारास पिणं पुन्हा सुरू झालं. २२ तारखेच्या संध्याकाळी डॉक्टर घरी येऊन गेल्या. ती प्यायलेली होती, पण शांत, नीट बोलत होती. आपल्याला मरायचं नाही, असं ती म्हणाली. रात्री खोलीत टीव्ही, गाणी चालू होती. सकाळी दहाच्या सुमारास सुरक्षारक्षकानं डोकावलं, ती झोपलेली वाटली. तिला उशिरापर्यंत झोपायची सवय होती. दुपारी तीननंतर पुन्हा पाहिलं तेव्हा श्वास नव्हता.

चौकशीचा निष्कर्ष अपघाती मृत्यू असा निघाला. पहिली चौकशी घेणाऱ्या अधिकाऱ्याची नेमणूक नियमात बसत नसल्याचं उघड झाल्यानं जानेवारी २०१३ मध्ये ती पुन्हा घेण्यात आली. निष्कर्ष तोच राहिला.

घरच्यांच्या हातात काय होतं

ब्रिटनच्या मानसिक आरोग्य कायद्यात केवळ दारूच्या अवलंबित्वावरून कुणाला सक्तीनं दाखल करता येत नाही. ती सज्ञान होती, नाही म्हणत होती. ‘उचलून न्यायला काय झालं होतं?’ हा प्रश्न म्हणून फिजूल आहे. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश आहे. रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या स्थितीत नसेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासल्यावर, तीस दिवसांपर्यंत दाखल करता येतं. त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ असावा लागतो. डाळीत, चहात गुपचूप डायसल्फिरामची (दारू सोडवण्यासाठी देतात ती) गोळी मिसळणं हा त्याला पर्याय नाही. त्यावर माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

उपचार नाकारणाऱ्याबरोबरही एक गोष्ट करता येते: पुन्हा प्यायल्यास काय, याची आधीच ठरवलेली योजना. कोरडे दिवस चालू असताना, शांत वेळी, त्याच्याशी बोलून ठरवायचं. त्यात पहिलं वाक्य हे असावं: ‘आता तुझं जुनं प्रमाण तुला झेपणार नाही.’ बहुतेकांना हे कुणी कधी सांगितलेलंच नसतं. कितवा दिवस आहे हे घरात एकाला ठाऊक असावं. घरात साठा नसावा. आणि पुन्हा प्यायला लागला तर रागानं दार बंद करून निघून जायचं नाही. त्या रात्री तो एकटा राहता कामा नये.

झोपलेल्या माणसाला नुसतं डोकावून बघणं म्हणजे तपासणं नव्हे. जवळ जा. नावानं हाक मारा, खांदा हलवा, मानेजवळचा स्नायू चिमटा. डोळे उघडले नाहीत तर बेशुद्ध समजा. मिनिटभर घड्याळ लावून श्वास मोजा. आठपेक्षा कमी, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर, किंवा घुसमटल्यासारखी घरघर, ओठ-नखं निळसर, अंग गार, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. तोवर कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडून टेकवा, तोंड जमिनीकडे झुकतं ठेवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. पाणी, कॉफी, लिंबू, थंड पाण्याची आंघोळ, काही नको. श्वास थांबला असेल तर पाठीवर झोपवून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायला लागा. जाग येत असेल, श्वास ठीक असेल, तरी दर पंधरा मिनिटांनी हेच पुन्हा करायचं, पहाटेपर्यंत, आणि पहिले दोन तास खोली सोडायची नाही.